मशीनच्या पोटात मशीन

रास्पबेरी पायवर लिनक्स चालवणं यात आता काही विशेष राहिलेलं नाही. कार्डवर इमेज लिहायची, कार्ड खोचायचं, वायर जोडायची, झालं. पण त्याच पायवरच्या लिनक्समध्ये एक खोटा इंटेल पीसी उभा करायचा आणि त्या खोट्या पीसीत आणखी एक चिमुकलं लिनक्स बूट करायचं, असा उद्योग कुणाला सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला. पुण्यातले मित्र विचारतात, "पण यूजकेस काय?" आमच्या कोल्हापुरात विचारतात, "आणि हे कशाला मर्दा?"

प्रश्न एकच आहे आणि रास्तही आहे. "मजा येते म्हणून" हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. पुरेसं उत्तर द्यायचं तर थोडं इतिहासात जावं लागतं, आणि त्या इतिहासातला एक छान तुकडा आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीत घडलेला आहे. तर या वीकांताला तोच विषय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

एकाच मशीनवर दुसरी सिस्टिम चालवायचे तीन प्रकार आहेत आणि ऑफिसातले भलेभले लोक ते तिन्ही एकत्र कालवतात.

पहिला प्रकार म्हणजे चीरूट किंवा हल्लीचे कंटेनर. इथे कर्नल एकच असतो. फक्त एका फोल्डरला "हीच तुझी सगळी दुनिया" असं सांगून त्यात वेगळी सिस्टिम मांडलेली असते. घर एकच, चूल वेगळी.

दुसरा प्रकार व्हर्च्युअलायझेशन. इथे आतल्या सिस्टिमचा कर्नल वेगळा असतो, पण प्रोसेसरची भाषा तीच. इंटेलवर इंटेल, आर्मवर आर्म. बहुतेक सूचना खरा प्रोसेसरच थेट चालवतो, म्हणून वेगात फारसा फरक पडत नाही.

तिसरा प्रकार एम्युलेशन. इथे प्रोसेसरच खोटा. आतल्या सिस्टिमला वाटतं आपण इंटेलवर आहोत, प्रत्यक्षात खाली आर्म असतो. प्रत्येक सूचनेचं भाषांतर करावं लागतं. हे सगळ्यांत हळू, पण सगळ्यांत ताकदवान. कारण खालचं मशीन कोणतंही असलं तरी चालतं.

हे काही फक्त हौशी लोकांचं काम नाही. २०२० नंतर ज्यांना ऑफिसातून एम१ चिपचा मॅक मिळाला त्यांनी इंटेलसाठी बनवलेला डॉकर कंटेनर कधीतरी चालवलाच असेल. तो रडतखडत का होईना पण चालतो, तो एम्युलेशनच्या जिवावर. म्हणजे आपण सगळे हे रोज वापरतो, फक्त नाव घेत नाही.

जन्माला यायच्या आधीच चाललेला प्रोसेसर

एम्युलेटर हा शब्द आजच्या अर्थानं रूढ झाला तो आयबीएममध्ये. १९६४ साली त्यांनी सिस्टिम ३६० ही नवी मालिका आणली. पण गिऱ्हाइकांचे पगारपत्रकाचे, हिशोबाचे प्रोग्रॅम जुन्या १४०१ साठी लिहिलेले. ते सगळे नव्यानं लिहा म्हटलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं पळाली असती. मग नव्या मशीनला जुन्यासारखं वागायची सोय करून दिली. इतिहासातली ही पहिली मोठी शिकवण: मशीन बदलतं, पण लोकांचं काम त्या मशीनमध्ये अडकलेलं असतं.

दुसरी शिकवण याच्या उलट दिशेची आहे. मशीन हातात यायच्या आधीच त्याच्यासाठी काम करून ठेवता येतं. १९७५ साली पॉल ॲलननं हार्वर्डच्या पीडीपी-१० वर इंटेल ८०८० चा सिम्युलेटर लिहिला. त्यावर त्यानं आणि बिल गेट्सनं आल्टेअरसाठी बेसिक तयार केलं. आल्टेअर त्यांच्याकडे नव्हताच! ॲलन विमानानं गेला, खऱ्या मशीनवर बेसिक चढवलं आणि ते चाललं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण आपल्या विषयाशी थेट नातं आहे ते इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं. बीबीसी मायक्रो हा त्यांचा १९८१ चा घरगुती संगणक. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बी मध्ये ३२ केबी मेमरी. भारतालाही तो अनोळखी नाही. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक पोचवायला 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांत आली ती हीच मशीन्स. आज साठीला टेकलेल्या अनेक शिक्षकांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम त्याच्यावर लिहिलेला आहे.

एकॉर्नला पुढचं मशीन हवं होतं आणि बाजारातले प्रोसेसर पसंत पडत नव्हते. म्हणून १९८३ साली त्यांनी स्वतःचाच बनवायला घेतला. सोफी विल्सननं सूचना ठरवल्या, स्टीव्ह फर्बरनं आतली रचना केली. पैसा कमी, माणसं त्याहून कमी. मग चिप बनवायच्या आधी ती बरोबर चालेल याची खात्री कशी करायची? तर त्यांनी तिचं वागणं बीबीसी मायक्रोवर, बीबीसी बेसिकमध्ये लिहून काढलं. फर्बरचं मॉडेल हजार ओळींच्याही आतलं होतं. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. गंमत म्हणजे तिचा वीजवापर मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवायला लागला. नंतर कळलं की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांमधून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालली होती!

हीच ती आर्म. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तीच आहे, रास्पबेरी पायमध्येही तीच. म्हणजे आर्मवर एम्युलेशन करणं हा काही उलटा घास नाही. आर्म स्वतःच आधी ३२ केबीच्या जमान्यातल्या खेळण्यावजा मशीनवर सॉफ्टवेअर म्हणून जगली आणि मग सिलिकॉनमध्ये उतरली.

बेलारचा दुभाष्या

आता एक उडी मारून २००३ मध्ये येऊ. फॅब्रिस बेलार हा फ्रेंच माणूस म्हणजे एकटाच एक कंपनी. एफएफएमपेग त्याचंच, म्हणजे आपण जे व्हिडिओ बघतो त्यातले कितीतरी कुठे ना कुठे त्याच्या कोडमधून गेलेले असतात. २००३ साली त्यानं क्यूएमू हा एम्युलेटर जाहीर केला आणि २००५ मध्ये युझनिक्सच्या परिषदेत त्याची रचना मांडली.

त्याची युक्ती समजायला सोपी आहे. साधा एम्युलेटर हा सभेतल्या दुभाष्यासारखा असतो. वक्ता एक वाक्य बोलला की हा त्याचं भाषांतर करतो. वक्त्यानं तेच वाक्य शंभर वेळा म्हटलं तर शंभर वेळा करतो. क्यूएमू तसं करत नाही. तो सूचनांचा एक अख्खा तुकडा घेतो, त्याचं खालच्या प्रोसेसरच्या भाषेत एकदाच भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो. तोच तुकडा परत आला की तयार भाषांतर पुढे सरकवतो. एका तुकड्यानंतर नेहमी दुसरा ठराविक तुकडा येत असेल तर दोघांची थेट गाठ मारून टाकतो.

दुसरी गंमत आळशीपणाची. इंटेलचा प्रोसेसर प्रत्येक बेरीज-वजाबाकीनंतर फ्लॅग नावाच्या खुणा बदलतो: उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का, हातचा राहिला का. हे सगळं दरवेळी मोजायचं म्हणजे कंबरडंच मोडायचं. बेलारनं ठरवलं, मोजायचंच नाही. फक्त शेवटचे आकडे लक्षात ठेवायचे आणि कुणी खरंच विचारलं तर मोजून सांगायचं. बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. सरकारी कचेरीत चाळीस वर्षांपूर्वीच सापडलेली पद्धत आहे ही. :-)

तरीही एम्युलेशन अनेक पटींनी हळूच राहतं. म्हणून आत काय चालवायचं ते हलकं हवं. इथेच हलक्या लिनक्सची गोष्ट जोडली जाते.

पन्नास एमबीची शपथ

२००० च्या दशकात आपल्याकडे लिनक्स मिळवणं हे एक प्रकरण होतं. डायलअपवर सातशे एमबी उतरवायची म्हणजे फोनबिलाकडे बघून घरच्यांचे डोळे पांढरे व्हायचे. त्यामुळे पीसीक्वेस्टसारख्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीची वाट बघायची, कॉलेजात एकाकडे आली की सगळ्यांनी कॉपी मारायची. २००५ पासून काही वर्षं उबुंटूवाले घरपोच फुकट सीडी पाठवायचे. त्या सीडी कित्येकांनी अजून जपून ठेवल्या असतील.

त्या काळात जॉन अँड्र्यूजनं डॅम स्मॉल लिनक्स काढलं आणि एकच शपथ घेतली: काहीही झालं तरी ५० एमबीच्या वर जायचं नाही. ५० एमबी का? तर व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर तेवढंच मावतं. त्यात ग्राफिकल डेस्कटॉप, ब्राउझर, एडिटर सगळं होतं आणि १६ एमबी मेमरीच्या ४८६ वरही ते जीव धरायचं. आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे त्याची एक आवृत्ती क्यूएमूसकट मिळायची. पेनड्राइव्ह सायबर कॅफेच्या विंडोजमध्ये लावायचा, एक फाइल डबलक्लिक करायची, आणि एका खिडकीत अख्खं लिनक्स उभं. इन्स्टॉल नाही, परवानगी नाही, काही नाही. लिनक्स म्हणजे नेमकं काय हे ज्यांना आपल्या घरच्या पीसीला धक्का न लावता बघायचं होतं त्यांच्यासाठी ही पर्वणीच होती.

याच प्रकल्पातल्या रॉबर्ट शिंगलडेकरनं पुढे टायनी कोअर काढलं. त्याचा फक्त कमांड लाइनचा गाभा अगदी थोड्या एमबीत बसतो. डॅम स्मॉल लिनक्सचं काम मात्र २००८ नंतर थंडावलं. २०२४ मध्ये अँड्र्यूजनं ते परत जिवंत केलं, पण आता मर्यादा एका सीडीची, म्हणजे सातशे एमबीची. चौदा पट "लहान"! यावरून सॉफ्टवेअरचं वजन किती वाढलंय ते कळतं.

खैराट

आता ती रायगड जिल्ह्यातली वाडी.

२००५ मध्ये एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटीनं गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप अशी कल्पना मांडली. वन लॅपटॉप पर चाइल्ड. भारत सरकारनं २००६ मध्ये त्याला नकार दिला. आधी शाळांना खोल्या आणि शिक्षक द्या, असा साधारण सूर होता, आणि तो चूक होता असं मला वाटत नाही. पण २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत याचा एक प्रयोग झाला. भारतातला पहिला. वीस-बावीस मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा, कानासारखे अँटेना असलेला एक्सओ लॅपटॉप.

त्या लॅपटॉपच्या पोटात काय होतं? ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जीओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी फ्लॅश. हार्डडिस्क नाही, पंखा नाही. वर फेडोरावरून बेतलेलं हलकं लिनक्स आणि 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा डेस्कटॉप, ज्यात फाइल-फोल्डर नव्हतेच. मुलानं काय केलं याची एक रोजनिशी आपोआप लिहिली जायची. सगळ्यात भारी होता स्क्रीन. मेरी लू जेप्सननं बनवलेला तो स्क्रीन भर उन्हातही वाचता यायचा. लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलायचे, मध्ये राउटर लागायचा नाही. (किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच आली नाही. २००७ मध्ये ती १८८ डॉलरच्या घरात होती.)

यात एम्युलेशन कुठे आलं? तर जगभर ज्यांना यासाठी काही लिहायचं होतं, तपासायचं होतं, भाषांतर करायचं होतं, त्यातल्या बहुतेकांकडे हा लॅपटॉप नव्हता. तो दुकानात मिळतच नव्हता. म्हणून ओएलपीसीनं सिस्टिमच्या इमेज सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आणि त्या क्यूएमूमध्ये कशा चालवायच्या हे नीट लिहून ठेवलं. ॲलनचं आल्टेअर परत एकदा! मशीन हातात नसताना मशीनसाठी काम.

पण तेव्हा जी नुसती सोय होती तिचं महत्त्व आता वेगळंच झालंय. एक्सओ-१ बनणं केव्हाच थांबलं. बॅटऱ्या गेल्या, कीबोर्डची रबरं फाटली. लॅपटॉप अडगळीत गेले तरी त्या मुलांनी पाहिलेली शुगर मात्र अजून बूट होते. २००८ मध्ये वॉल्टर बेंडरनं शुगर लॅब्ज वेगळी काढली, २००९ मध्ये पेनड्राइव्हवरची शुगर आली, फेडोरानं ती आर्मसाठीही दिली. म्हणजे नवी शुगर पायवर थेट चालते, एम्युलेशन लागत नाही. पण तेव्हाची, २००७-०८ ची, तीच बायनरी, तोच इंटेल कोड बघायचा असेल तर पायवर क्यूएमू हाच मार्ग.

प्रत्यक्षात कसं दिसतं? माझ्याकडच्या ४ जीबीच्या रास्पबेरी पाय ४ वर आतल्या खोट्या पीसीला २५६ एमबी मेमरी दिली, म्हणजे एक्सओइतकीच. डॅम स्मॉल लिनक्स बऱ्यापैकी चटकन येतं. जुनी शुगर यायला चहा टाकून, गाळून, पिऊन होतो. माउस जरा मागे रेंगाळतो. पण रोजनिशी उघडते, कासवाला "पुढे जा, वळ" सांगून चित्र काढता येतं. घरातल्या सात वर्षांच्या भाचीला वेग कमी आहे हे जाणवलंही नाही.

काय हाताला लागत नाही हेही सांगायला हवं. उन्हात वाचता येणारा स्क्रीन एम्युलेट होत नाही. लॅपटॉप शेजारच्या लॅपटॉपशी आपोआप बोलायला लागतो, ती गंमत होत नाही. वीस मुलांनी एका खोलीत घातलेला गोंधळ तर अजिबातच होत नाही. एम्युलेशन वाचवतं ते सॉफ्टवेअर, आणि फक्त सॉफ्टवेअर.

२०१२: दोन स्वस्त संगणक

२९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय आला. ७०० मेगाहर्ट्झचा आर्म, २५६ एमबी मेमरी, ३५ डॉलर. गाव तेच केंब्रिज आणि मॉडेलांची ए, बी ही नावंसुद्धा बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली.

त्याच वर्षी आपल्याकडे 'आकाश' टॅब्लेटची दुसरी आवृत्ती आली. पहिला आकाश २०११ चा, ३६६ मेगाहर्ट्झचा, आणि त्यावर लोकांनी तोंडसुख घेतलं ते सगळ्यांना आठवत असेल. मग प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ बाहेर पडला. १ गिगाहर्ट्झचा आर्म, ५१२ एमबी मेमरी, अँड्रॉइड ४. आयआयटीच्या लोकांना त्यावर अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रोग्रॅम लिहायला हवे होते, नुसते व्हिडिओ बघायला नकोत. त्यांनी काय केलं, तर अँड्रॉइडच्या आत एका इमेज फाइलमध्ये लिनक्स ठेवलं आणि चीरूट करून त्यातून सी, सी++, पायथन, सायलॅब चालवायला दिलं. इथे एम्युलेशन नाही, कारण वर आर्म आणि खालीही आर्म. कर्नलही अँड्रॉइडचाच, तो मुळात लिनक्सच. सुरुवातीला सांगितलेला पहिला प्रकार, घर एकच आणि चूल वेगळी. ५१२ एमबीत एम्युलेशन केलं असतं तर पोरांनी टॅब्लेट भिंतीवर आपटला असता.

याच २०१२ मध्ये दिमित्री ग्रिनबर्गनं दुसरं टोक गाठलं. त्यानं ८ बिटच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर आर्मचा एम्युलेटर लिहिला आणि त्यावर लिनक्स बूट केलं. प्रॉम्प्ट यायला दोन तास लागले. २०२४ मध्ये त्यानंच १९७१ च्या इंटेल ४००४ वर, म्हणजे जगातल्या पहिल्या विक्रीच्या मायक्रोप्रोसेसरवर, हाच प्रयोग केला. बूट व्हायला ४.७६ दिवस! याचा उपयोग शून्य, पण एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध झाली. पुरेशी मेमरी आणि पुरेसा धीर असेल तर कोणतंही मशीन कोणत्याही मशीनसारखं वागू शकतं. ट्युरिंगनं १९३६ मध्ये कागदावर हेच सांगितलं होतं.

आपलं काय?

आता खरा मुद्दा. खैराटच्या मुलांनी पाहिलेली शुगर आज पायवर उठते, कारण तिचा सोर्स खुला होता, इमेज खुल्या होत्या आणि ती ज्या पीसीवर चालायची त्याचं वागणं लोकांनी नीट लिहून ठेवलं होतं. यातली एक जरी गोष्ट नसती तर ती त्या लॅपटॉपबरोबरच मेली असती.

मराठी संगणनाच्या पहिल्या वीस वर्षांचं नेमकं हेच दुखणं आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड बाजारात आणलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्रज्ञान. पीसीच्या खाचेत कार्ड बसवायचं आणि डॉसमधले साधे प्रोग्रॅम देवनागरी दाखवायला लागायचे. त्या काळात हा चमत्कारच होता. पण देवनागरी राहायची त्या कार्डात. आज क्यूएमू तुम्हाला पीसी देईल, डॉस देईल, पण कार्ड कुठून देणार? त्याचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये लिहिल्याशिवाय जुनी स्क्रीन जशीच्या तशी उभी राहणार नाही.

मजकूर मात्र वाचू शकतो, आणि त्याचं श्रेय एका कंटाळवाण्या कागदाला जातं. त्या मजकुराचं कोडिंग, इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून छापलं गेलं: आयएस १३१९४. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे जाहीर होतं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतलेली. म्हणून आजही आयसीयूसारख्या लायब्ररीत इस्कीचा कन्व्हर्टर आहे. फाइल सापडली की मजकूर मिळतो.

पुढच्या काळात उलटं झालं. विंडोज आलं, पेजमेकर आलं आणि प्रत्येक फाँटवाल्यानं आपापला नकाशा केला. एकाकडे ज्या आकड्याला 'क' तिथे दुसऱ्याकडे अर्धा 'श'. वर पॅरलल पोर्टला लावायचा हार्डवेअर लॉक. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. गावोगावची साप्ताहिकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, स्थानिक इतिहासाची पुस्तकं, सगळं याच पद्धतीनं जुळवलं गेलं. आजही एखाद्या जुन्या डीटीपीच्या दुकानात कोपऱ्यात विंडोज ९८ किंवा एक्सपीचा एक पिवळट पीसी दिसतो. मालक त्याला हात लावू देत नाही, कारण तो गेला तर पंचवीस वर्षांचं काम गेलं.

आणि कोल्हापुरात तो कसा जातो हे आपण बघितलंय. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. छापलेला कागद भिजला तर निदान वाळवून बघता येतो. गाळ शिरलेल्या हार्डडिस्कमधून काही काढायचं म्हणजे किती खर्च, आणि तरी हमी नाही.

या गावाला हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याचं यंत्र समजून घेऊन इथेच स्वतःचा कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२० चा 'सैरंध्री' काढला. यंत्राची नक्कल करायची अक्कल कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वीच होती. पण महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. यंत्र परत बनवता येतं, पण त्यावर केलेलं काम जपलं नाही तर ते परत बनत नाही.

मग त्या प्रश्नाचं उत्तर, "कशाला मर्दा?" यासाठी. पायवर क्यूएमू बसवून एक जुनी सिस्टिम चालवून बघितली की दोन गोष्टी कळतात. जुनं मशीन जिवंत ठेवायची गरज नाही, त्याच्या डिस्कची इमेज पुरते. आणि ती इमेज डिस्क चालू आहे तोवरच काढता येते.

काम अवघड नाही. डिस्क बाहेर काढायची, चाळीसएक रुपयांच्या चहाच्या बोलीवर मालकाला बाजूला बसवायचं, :-) यूएसबी ॲडॉप्टरनं ती लिनक्सला जोडायची, तिच्यावर काहीही न लिहिता डीडी किंवा डीडीरेस्क्यूनं पूर्ण इमेज काढायची आणि दोन ठिकाणी ठेवायची, त्यातलं एक वरच्या मजल्यावर. मग फाँटच्या फाइल्स आणि कोणता फाँट कुठे वापरला याची मालकाच्या तोंडची माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोडमध्ये, लिहून ठेवायची. लॉकचा प्रश्न लगेच सुटणार नाही. पण फाँट हाताशी असले तर मजकुराचा नकाशा आज ना उद्या कुणीतरी बसवेल. इमेजच नसेल तर बसवायला काही उरणारच नाही.

असो. पावसाळा जूनमध्ये येतो. ओळखीत एखादं जुनं डीटीपीचं दुकान असेल तर त्याच्या आधीचा एखादा शनिवार तिकडे काढा.